बघवलं नाही

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. रेवणला वाचायला दिलं तर यातलं एक वाक्य त्याला कळणार नाही, आणि सगळी गोष्ट त्या वाक्याचीच आहे. तरी लिहितोय.

परदेशात जाऊन कायद्यात मास्टर्स करायचं तर आता इंग्रजीचा निबंध कोणी मागत नाही. निबंध यंत्र लिहून देतं हे सगळ्यांना माहीत झालंय. आता विद्यापीठवाले स्क्रीनवर समोर बसवतात आणि वाद घालायला लावतात. उत्तराला जरा उशीर झाला की गुण गेले. आपली पोरं तिथंच अडकायची. इंग्रजी यायचं, पण आधी मराठीत विचार, मग भाषांतर, मग तोंड उघडायचं. तोवर समोरचा पुढच्या मुद्द्यावर.

त्यावर उपाय म्हणून आमच्या ऑनलाइन क्लासनं आवर-पट्टी आणली.

दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन्ही भाषा कायम जाग्या असतात. एक बोलायची असली की मेंदू दुसरीला मागं ओढून धरतो, दारात कुत्रं धरून ठेवावं तसं. कानामागे चिकटवलेली पट्टी अगदी बारीक करंट देऊन ती ओढ वाढवते. त्या ओढीला आम्ही आवर म्हणायचो. तास चालू असेपर्यंत मराठी गप्प, इंग्रजीला रस्ता मोकळा. तास संपला की आवर सुटतो, मराठी परत येते. जाहिरातीत आम्ही तसंच लिहिलं होतं.

पट्टी शोधून काढली ती डॉ. अश्विनी टिळेकरांनी. त्या मेंदूच्या डॉक्टर, पुण्याच्या. मी समीर मुलाणी, सोलापूरचा. कॉलेज अर्धवट सोडलं, कोडिंग मोबाइलवर शिकलो. माझं काम म्हणजे तास चालू असताना प्रत्येकाचा आवर स्क्रीनवरून वरखाली करायचा. मॅडमनी मर्यादा घातली होती, दहापैकी सहाच्या वर जायचं नाही.

रेवणसिद्ध बिराजदार माझा शाळेपासूनचा दोस्त. वकील झाला आणि टॉवेलच्या कारखान्यांतल्या कामगारांची कामं घ्यायला लागला. आमच्याकडचे टॉवेल सगळे बाहेर जातात. त्याला बाहेरचा कायदाच शिकायचा होता. म्हणायचा, "टॉवेल त्यांच्या बाथरूममधी, बोटं आमच्या मशीनमधी. मग जबाबदार कोण, ते तिथं जाऊन विचारतो की."

म्हणून आमच्याच क्लासला आला, पण सराव परीक्षेत सारखा आपटत होता.

"सम्या, आवर वाढव बे."

"सहाच्या वर नाही जमत."

"जमत नाही का करत नाहीस?"

"मॅडमनी सांगितलंय."

"मॅडम सोलापूरला आल्यात काय कधी? वाढव. माझा गुरुजी होशील."

मी नऊवर नेला. दोस्त म्हणून. खरं सांगायचं तर थोडं बघायचंही होतं, काय होतंय.

जे झालं ते भारीच होतं. रेवण असा बोलायला लागला की परीक्षक गप्प. प्रवेश मिळाला. त्याच्या आईनं मला घरी बोलावून शेंगापोळी खाऊ घातली. वाढता वाढता म्हणाली, "गुडघे लई दुखायलेत बघ रेवण, आज माझ्याच्यानं उठवेना."

रेवण म्हणाला, "कुणाला उठवायचंय?"

आम्ही हसलो. ती पण हसली. मला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय.

मग लक्ष्मीबाईंची सुनावणी आली.

लक्ष्मीबाई म्हेत्रे टॉवेल धुवायच्या खात्यात कामाला. तिथं बसवराज नावाच्या कामगाराचा हात मशीनमध्ये गेला. तो ओरडत होता तरी मुकादमानं मशीन बंद करू दिली नाही, माल वाया जाईल म्हणून. कारखाना म्हणतो, मशीन लगेच बंद केली, चूक त्याचीच. हे सगळं जिच्या डोळ्यांसमोर घडलं अशी बाई एकच, लक्ष्मीबाई. टॉवेल घेणाऱ्या परदेशी कंपनीनं तक्रारी ऐकायला समिती बसवली होती, व्हिडिओवर, इंग्रजीत. साक्षीला यंत्राचं भाषांतर चालत नाही, माणूसच लागतो. तो माणूस रेवण, त्या दिवशी पट्टी न लावता. लिंक जोडून द्यायला मी बाजूला.

लक्ष्मीबाईंनी पदर सारखा केला आणि सांगितलं, "त्याचा हात आत होता साहेब. मुकादम बटणापाशी उभाच. मला बघवलं न्हाई."

रेवणनं इंग्रजीत सांगितलं: हात आत होता, मुकादम बटणाजवळ होता, पण मी पाहिलं नाही.

मला वाटलं, घाईत झालं असेल. समितीच्या बाई पुढं वाकल्या. यांनी स्वतः पाहिलेलं नाही का, परत विचारा म्हणाल्या.

रेवण वळला. "मावशी, तुम्ही बघितलं नाही ना?"

"न्हाई ओ. बघवलंच न्हाई मला. कसं बघवंल?"

रेवणनं मान हलवली आणि इंग्रजीत सांगितलं, त्या ठाम आहेत, पाहिलेलं नाही.

लक्ष्मीबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी हात जोडले, आपलं म्हणणं पोचलं म्हणून.

मला शेंगापोळीच्या दिवशीचं आईचं 'उठवेना' आठवलं. आणि मी गप्प बसलो. तोंड उघडलं असतं तर पट्टीचा विषय निघाला असता, नऊचा आकडा बाहेर आला असता, रेवणचा प्रवेश गेला असता. माझी नोकरीही. ती मी शेवटी लिहिली, पण डोक्यात पहिली तीच आली होती.

घरी येऊन मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, नऊसकट. रेवण कुठं कुठं चुकला, ते त्यांनी शब्द न् शब्द विचारून घेतलं.

मग म्हणाल्या, "शब्द जात नाहीत, समीर. हात, मशीन, आई, या शब्दांना इंग्रजीत जोडीदार आहेत. आवर सुटला की त्यांचा हात धरून ते परत येतात. पण बघवणं, उठवणं, जेववणं... करायला मन किंवा शरीर तयार होत नाही, हे आपण एका 'व'मध्ये सांगतो. त्याला तिकडं जोडीदार नाही. इतका आवर बसला की त्याला परतीची वाट सापडत नाही."

"म्हणजे त्याला ऐकू येत नाही?"

"ऐकू येतं. पण मेंदू जवळचं रूप घेऊन रिकामी जागा भरतो. बघवलं नाही याचं बघितलं नाही होतं. आणि भरलेली जागा रिकामी होती हे कधीच जाणवत नाही."

"परत येईल का?"

"पट्टी कायमची काढायची. भरपूर मराठी ऐकवायची, बोलायची. इंग्रजीचा वेग पडेल. तरी खात्री नाही देता येणार." मग हळूच म्हणाल्या, "पट्टीची चाचणी घेताना ती तूही लावायचास ना?"

लावायचो.

दुसऱ्या दिवशी रेवणच्या घरी गेलो. तो बॅग भरत होता. सुनावणीचं रेकॉर्डिंग लावलं.

"बघवलं न्हाई," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"बघितलं नाही," रेवण म्हणाला. "मी पण तेच सांगितलं की."

"परत ऐक."

त्यानं परत ऐकलं. परत. मग आईला आत बोलावलं. तिनं ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावला. "अगं बाई. सगळं हिच्यासमोर झालं म्हण की."

रेवण आईच्या तोंडाकडे बघत राहिला. परक्या गावात रस्ता विचारणाऱ्यासारखा.

"म्हणजे तिनं बघितलं?"

"हो."

"आणि मी तिच्या तोंडून सांगितलं, नाही म्हणून. दोनदा."

मी नऊचं सांगितलं. वाटलं, मारेल. त्यानं बॅगेतला कोट काढून खुंटीला लावला.

"निकाल लागला नाही अजून," तो म्हणाला. "समितीला कळवतो. भाषांतर चुकलं, का चुकलं ते पण. दुसरा माणूस घ्या म्हणतो."

"प्रवेश जाईल बे."

"जाईल." मग म्हणाला, "मला एकच भीती आहे सम्या. उद्या कुणी येऊन असंच काही सांगेल. मला कळलं असं वाटेल, मी मान हलवीन. मला कसं समजणार?"

मी हे लिहितोय, यातही कुठं एखादा 'व' गळला असेल. मला दिसणार नाही.

"रोज येतो," मी म्हणालो. "आईसमोर बसून बोलायचं. ती तपासेल, तुला आणि मला पण."

"आणि मी म्हणालो, आता येतंय ऐकू, बास झालं?"

"तरी येईन. तू म्हणालास म्हणून थांबणार नाही, रेवण. आई म्हणेल तेव्हाच थांबीन. शब्द देतो."