माडीवरच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

हे वाचून कुणी हसेल. कुणी म्हणेल, मनाने रचलंय. म्हणा खुशाल. माझ्या सख्ख्या आत्याबरोबर हे घडलंय, आणि तो व्हिडिओ मी या डोळ्यांनी पाहिलाय.

रात्रबित्र नव्हती. लख्ख दुपार होती. खाली रस्ता वाहत होता, आणि आत्या दुकानाच्या माडीवरच्या खोलीत एकटी बसली होती.

आत्या शिलाई मशीन दुरुस्त करते. हातात जादू, आणि तोंडाचा पट्टा त्याहून जोरात. गिऱ्हाईक मशीन घेऊन येतं आणि गप्पांनी पोट भरून जातं. कुणीतरी तिच्या डोक्यात घातलं, "अहो, तुम्ही एवढं छान समजावता, व्हिडिओ का नाही टाकत?"

झालं. आत्याने मनावर घेतलं. मोबाईलचा स्टँड आला, गोल दिवा आला, कॉलरला लावायचा चिमुकला माइक आला.

"आता हिरॉईन होणार तू," आतोबा म्हणाले.

"होणारच. तुम्ही फक्त दिवा धरा."

पहिला व्हिडिओ तिने दुकानातच काढला. घरी जाऊन ऐकला तर नुसते हॉर्न. मशीनबद्दल एक अक्षर कळेना. शांत जागा हवी होती.

दुकानाच्या बरोबर वर एक खोली होती. कायम कुलूप. आत्याने जागेच्या मालकांकडे किल्ली मागितली. मालक जरा घुटमळले.

"बसा की. पण... तिथे फार वेळ बोलू नका."

"अहो, व्हिडिओ काढायचाय. मुक्याने काढू?"

मालक हसले नाहीत. किल्ली हातात ठेवली आणि निघून गेले.

खोली चांगली होती. कोरी. एक टेबल, एक लाकडी खुर्ची, एक खिडकी. दार लोटलं की रस्त्याचा आवाज एकदम तुटायचा... कुणीतरी बटण दाबल्यासारखा.

आत्या खूश झाली. मशीन टेबलावर ठेवलं, माइक लावला, मोबाईलकडे बघून बोलायला लागली. आधी त-त-प-प झालं. गिऱ्हाईकासमोर घडाघडा बोलणारी बाई त्या काळ्या ठिपक्यापुढे अडखळायची. मग सूर लागला. धागा का तुटतो, बॉबिन कशी बसवायची, सगळं सांगितलं.

घरी इअरफोन लावून ऐकलं.

सुरुवातीला आवाज नीट होता. मग बॉबिनवर आली आणि...

आवाज गेला.

ओठ हलत होते. स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवल्याचा टक आवाज येत होता. मशीनचं चाक फिरल्याचा आवाज येत होता. फक्त आत्याचा आवाज नव्हता.

आणि मग, अगदी कानाजवळ...

"शूऽऽ..."

"माइक सैल असेल," आतोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बरोबर गेले. माइक घट्ट लावला. मोबाईलच्या मागे उभे राहिले. आत्या बोलली, त्यांनी शब्दन् शब्द ऐकला. मध्येच भिंतीवर कुणीतरी ठोकलं. ठक. ठक. ठक.

"शेजारी कावलेत," आतोबा पुटपुटले.

बाहेर येऊन बघितलं तर त्या बाजूला शेजार नव्हताच. भिंतीपलीकडे मोकळी हवा. खाली रस्ता.

त्या दिवशीच्या व्हिडिओत आत्याचा एकही शब्द नव्हता. भिंतीवरचं ठोकणं मात्र होतं. आणि त्यानंतर एका बाईचा आवाज. दात आवळून बोलल्यासारखा.

"गप... बस."

आतोबांनी मोबाईल पालथा घातला. "पुन्हा तिथे जायचं नाही."

पण आत्याचं डोकं फिरलं होतं. तिला आयुष्यात कुणी गप केलं नव्हतं. सासूने नाही, नवऱ्याने नाही. "कोण मला गप बसवतंय तेच बघते," म्हणाली.

आतोबा एक मशीन पोचवायला गेले, तेवढ्यात ती माडीवर चढली. मोबाईल लावला. खुर्चीत ताठ बसली. मशीनला मोटर जोडली, आणि मुद्दाम मोठ्याने सुरुवात केली.

चार वाक्यं झाली...

पाचवं तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

तिला वाटलं कान बसले. पण दिव्याची बारीक गुणगुण ऐकू येत होती. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तिने जोरात हाक मारली. घसा ताणला गेला, छाती दुखली.

आवाज नाही.

मग तिच्या तोंडावर हात आला.

मागून. गार. कोरडा. बोटं गालात रुतली, डोकं मागे ओढलं गेलं. आणि कानाशी तोच आवाज...

"किती बोलतेस गं... किती बोलतेस... रोज खालून ऐकू येतेस मला..."

आत्या सांगते, त्या आवाजात रडणं नव्हतं, दुःख नव्हतं. नुसता राग होता. वर्षानुवर्षं साठवलेला.

तिने हात सोडवायला बघितलं. धरायला काहीच नव्हतं. स्वतःचेच गाल हाताला लागत होते. श्वास कोंडला. डोळ्यापुढे अंधारी आली. तेव्हा पाय आपोआप हलला, रोजच्या सवयीने. तिने मोटरच्या पायदानावर पूर्ण जोर दिला.

मशीन किंचाळलं.

रिकामी सुई नुसती धडधडत होती, टेबल थरथरत होतं. गालावरची बोटं सुटली. मशीन कुणीतरी ढकलल्यासारखं टेबलावरून खाली पडलं. आत्याने मागे वळून बघितलं नाही. जिना कसा उतरली, तिला आठवत नाही. मोबाईल तिथेच राहिला.

दुकानात येऊन तिने शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. आवाज आला. घोगरा, पण तिचा. ती तिथेच खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

मोबाईल आणायला आतोबा मालकांना घेऊन गेले. मालक उंबऱ्याबाहेरच थांबले.

"कोण राहायचं इथे?" आतोबांनी विचारलं.

"मी सांगितलं होतं, फार बोलू नका."

"अहो, पण कोण?"

"हळू बोला," मालक म्हणाले. एवढंच.

रेकॉर्डिंग चालूच होतं.

ते मी बघितलंय. आत्या बोलतेय, ओठ हलताहेत. मागे कुणी नाही. फक्त तिच्या गालांवर खड्डे पडतात. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला चार. मग मशीनची धडधड. मशीन पडतं. ती उठून पळते. दार आपटतं.

मग रिकामी खुर्ची. बराच वेळ. काहीच नाही.

आणि मग त्या रिकाम्या खुर्चीतून आत्याचा आवाज येतो.

तोच घसा, तोच ठसका. पण शिव्या. आतोबांना, गिऱ्हाइकांना, मला... माझं नाव घेऊन. आत्याने जन्मात उच्चारले नाहीत असे शब्द. मी मध्येच बंद केलं. आतोबांनी माझ्यासमोर तो व्हिडिओ पुसून टाकला.

आत्याने दुकान हलवलं. व्हिडिओ सोडले नाहीत. आता फक्त हात दिसतात, आणि खाली अक्षरं येतात. लोकांना आवडतात. कॅमेऱ्यापुढे ती बोलत नाही. आणि खरं सांगायचं तर आता एरवीही कमीच बोलते. वाक्याच्या मध्ये थांबते, आपलाच आवाज येतोय ना, हे ऐकत असल्यासारखी.

मला हे सगळं तिने अंगणात बसून सांगितलं, अगदी हळू. "लिही हवं तर. पण मोठ्याने वाचू नकोस," म्हणाली.

मी नाही वाचलं. सकाळपासून दार लावून, मुकाट्याने हे लिहीत बसलोय.

आत्ता बायको दार उघडून उभी राहिली. डोळे भरलेले.

"माझं काय चुकलं ते तरी सांग," म्हणाली. "तासभर झाला, कसले घाणेरडे शब्द ओरडतोयस मला आतून?"

मी सकाळपासून एक शब्दही बोललेलो नाही.