एका जागेसाठी दोघं

मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर एकच रिक्षा उभी होती आणि तिला दोघांनी एकदमच हात केला.

"समर्थनगर," कालिंदी म्हणाली.

"समर्थनगरच," पलीकडून एका तरुणाचा आवाज आला.

रिक्षावाले मजीदभाई हसले. "बैठो दोनों. आधा आधा किराया."

कालिंदी पिशोरच्या शेतकऱ्याची मुलगी. इंजिनियर होऊन ती वाळूजच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळत होती आणि आता तिनं बंगळूरला एमबीएला प्रवेश मिळवला होता. बँकेच्या कर्जात निम्मी फीच भागणार होती. उरलेल्या निम्म्यासाठी ती बाहेरच्या शिष्यवृत्त्या धुंडाळत होती. आजची मुलाखत त्यातल्याच एका ट्रस्टची. सुट्टीला गावी गेलेली ती थेट तिथूनच आली होती.

शेजारचा तरुण रस्त्याकडे तोंड करून पुटपुटत होता. "पाच वर्षांनी मी स्वतःला एका... एका मोठ्या..."

"मोठ्या म्हणजे केवढ्या?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

तो दचकला. "लई मोठ्यानं बोललो का मी?"

"मुलाखत आहे?"

"व्हय. एमबीएच्या शिष्यवृत्तीची."

कालिंदी वळून बसली. "जागा एकच आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणजे... तुम्ही पण?"

"मी पण. आणि ते पाच वर्षांचं उत्तर तेवढं नीट करा. जिंकायचं तर समोर कुणी धड तरी पाहिजे."

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग सावकाश ओठांनी. हे कालिंदीच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं याचाच तिला थोडा राग आला.

त्याचं नाव बद्रीनाथ. लासूर स्टेशनला घरची धान्याची अडत होती, पण सलग दोन वर्षं धंदा बसलेला. प्रवेश त्याला इंदूरला मिळाला होता. पहिल्या फेरीतून दोघंही पुढं गेले. शेवटची फेरी महिन्यानं होती.

मुलाखतीहून बाहेर पडले तेव्हा ऊन रणरणत होतं. दोघं रसवंतीच्या सावलीला थांबले. चरकाची घुंगरं वाजत होती.

"कंपन्यांच्या फाउंडेशनच्या, समाजाच्या ट्रस्टच्या, फक्त मुलींसाठीच्या... मला माहीत असलेल्या सगळ्या शिष्यवृत्त्या तुम्हाला सांगतो," बद्रीनाथ म्हणाला. "तुम्ही माझा सराव घ्या. तुमचे प्रश्न टोचतात."

"विरोधकाला मदत करताय?"

"शिष्यवृत्त्या लई आहेत. माणूस शोधायला कंटाळतो, एवढंच."

मग दर शनिवारी ते शहरातल्या औरंगपुऱ्यात भेटू लागले. ती विचारायची, तो अडखळायचा, ती पुन्हा विचारायची. कुठल्या ट्रस्टला मार्क लागतात, कुणाला गावासाठी केलेलं काम लागतं, हे तो समजावून सांगायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एकदा तिचा निबंध वाचताना तो मध्येच थांबला.

"चुकलंय काही?"

"नाय. चांगलं लिहितेस... म्हणून परत वाचतोय."

"एकदाच वाच. मला बस आहे," ती म्हणाली. बसला अजून पुष्कळ वेळ होता.

शेवटच्या फेरीत ट्रस्टचे तात्यासाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "तो लासूरचा मुलगा हिशेबाला तुमच्यापेक्षा पक्का आहे. मग तुम्हाला का द्यावी?"

"हिशेबाला तो पक्का आहे, खरंय," कालिंदी म्हणाली. "पण बंद पडत आलेला पुरवठादार मी सहा महिने धरून ठेवला. त्याची माणसं कामावर राहिली आणि आमचा कारखानाही थांबला नाही. ते मला जमतं."

निकाल तिथंच सांगितला. कालिंदीला मिळाली.

बाहेर गुलमोहराखाली बद्रीनाथनं हसून तिचं अभिनंदन केलं आणि बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. कालिंदी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"का द्यावी, हे तुला पण विचारलं असेल. तू काय म्हणालास?"

"म्हणालो... मलाच द्या." त्यानं वर पाहिलं. "राग आला?"

"तिला द्या म्हणाला असतास तर आला असता," ती म्हणाली. "पुण्याच्या त्या फाउंडेशनची मुलाखत गुरुवारी आहे ना? चल, बस. आत्ताच सुरू करू."

ते सराव करत बसले. मधेच तो उत्तर विसरायचा, कारण तिच्या कपाळावर उडणारी बट तो बघत असायचा. ती बट मागं सारायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायची.

जूनमध्ये बद्रीनाथचा फोन आला. पुण्याच्या फाउंडेशननं त्याची निवड केली होती. संध्याकाळी तो औरंगपुऱ्यात आला, तेव्हा ती आधीच तिथं होती.

"कालिंदी, तू बंगळूरला, मी इंदूरला. मध्ये दोन वर्षं..." तो थांबला. "मला तू लई आवडतेस. रिक्षापासूनच."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आणि मी बाबांना सांगून बसलेय."

"काय... काय सांगितलंस?"

"मुलगा लासूरचा आहे, मला भीत नाही, आणि मला तोच हवाय."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, दिवाळीला घेऊन ये. आधी आमच्या विहिरीत पोहायला लावू, मग बोलू."

"मला पोहता येत नाय," तो हळूच म्हणाला.

कालिंदीनं त्याचा हात हातात घेतला. "दिवाळीला वेळ आहे. इंदूरला शीक."