मधली गोटी

दार लोटून घे रे जयसिंग, वारं येतंय. आन कंदील इकडं सरकव. हसायचं असंल त्यानं आत्ताच हसून घ्या, मधीच दात काढले तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो. पौडाच्या नाक्यावर कोंडिबा मिस्त्रीचं छप्पर व्हतं ना, ट्रका दुरुस्त करायचं? त्याच कोंडिबावर बेतलेली ही गोष्ट. माझ्या बरोबरीचा गडी. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितली.

साल एकोणसाठ. सोमवती अमावास्या, कार्तिकातली. भात कापून खळ्यावर आलं व्हतं. दिवेलागणीला एका कोळशाच्या ट्रकवाल्यानं कोंडिबाला निरोप दिला : हैबतरावची गाडी मुळशीच्या पुढं धरणाकडंच्या वळणावर बसलीय, मागलं चाक फिरंना, सामान घेऊन ये. कोंडिबानं हातातली भाकर खाली ठेवली, सायकलीला पेटी बांधली आन निघाला.

आता तुमी म्हणाल, एवढी काय घाई? सांगतो. कोंडिबाचा धाकटा भाऊ भैरू त्याच गाडीवर क्लीनर व्हता. दसऱ्याला गेला तो परत आलाच न्हाई. हैबतरावला विचारावं तर म्हणायचा, "पळाला मुंबईला. आजकालची पोरं!" गाडी त्याचीच, चालवायचाही तोच. आडदांड माणूस, हात उचलायला मागंपुढं न बघणारा. आन इकडं कोंडिबाची आई, रत्नाबाई, ट्रकचा भोंगा वाजला की चुलीवरचं सोडून दारात. कोंडिबाच्या मनात एकच : आज ह्याला रानात एकटा गाठतो. माझा भाऊ कुटं हाय ते वदवून घेतो.

पोचला तवा किर्र अंधार. एका बाजूला डोंगर, एका बाजूला धरणाचं पाणी. गाडी कोळशानं भरलेली. हैबतरावनं जॅक लावून मागलं चाक उचलून ठेवलं व्हतं आन कंदील घेऊन उभा व्हता. तोंडाला दारूचा भपकारा.

"लवकर उरक मिस्त्री. ही जागा बरी न्हाई."

"का? काय झालंय हितं?"

"काम कर म्हणतो ना!"

कोंडिबा बसला. चाक उतरवलं, आतली दांडी ओढून काढली. आत ॲक्सलवर एक मोठा नट असतो बघा, सगळं चाक त्याच्या जिवावर. तो सोडवायला गोटी लागते. नटावर टोपीसारखी बसते, मग तिच्यात पाइप घालून जोर लावायचा. कोंडिबाकडं मोठ्या गोट्या तीन : धाकटी, मधली आन थोरली. ह्या गाडीला मधलीच लागायची, म्हणून ती भैरूकडं असायची. आन कोंडिबानं भावाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवलेली. गोटी हातानं बसली पायजे. ठोकून बसवलेली गोटी कवा निसटंल आन कुणाचा जीव घेईल, सांगता येत न्हाई.

त्यानं कंदील जवळ घेतला. नटाचं कोपरं साफ गेलेलं. पत्र्याचा तुकडा फटीत चेमटून बसलेला. म्हंजे कुणीतरी मोठ्या मापाची गोटी घेऊन, सैल बसते म्हणून पत्रा कोंबून, घणानं ठोकली व्हती. भैरू असलं काम मेला तरी करणार न्हाई. आन त्या पत्र्यात काळं, सुकलेलं काहीतरी. ग्रीस वाटलं. बोटानं उकरलं. ग्रीस नव्हतं. केस व्हते.

"हैबतराव," कोंडिबा उठला न्हाई, वळलाही न्हाई. "मधली गोटी भैरूकडं हाय. त्याच्याशिवाय हा नट निघायचा न्हाई."

"थोरली लाव. पत्रा घाल आन ठोक."

"भैरूलाही असंच सांगितलं व्हतंस?"

हैबतरावनं पाइप उचलला. मग पाइपाचा दणका बसला, सरळ कोंडिबाच्या पाठीत. तो ड्रमावर तोंडघशी आदळला, व्हट फाटला, तोंडात रक्त. दुसरा दणका खांद्यावर. "लई बोलतोस! ठोक, न्हाई तर तुलाबी हितंच..."

तुलाबी, म्हणला. ऐकलंत? तुलाबी.

कोंडिबाच्या डोळ्यापुढं काजवे चमकत व्हते. डोस्कं काम करत नव्हतं, हात मात्र सवयीनं हलला. छपरात काम करताना तो मागं न बघता नुसता तळवा पसरायचा, आन मागं उभा असलेला भैरू लागंल ते हत्यार त्यात ठेवायचा. तसाच त्यानं तळवा मागं पसरला.

आन कुणीतरी त्यात गोटी ठेवली.

वली. गारठलेली. कोंडिबानं ती नटावर धरली. एवढं कोपरं गेलेल्या नटावर... बसली. हातानं. टक्क.

मधली गोटी!

मागं डोंगराची कपार. तितं माणूस उभा ऱ्हायला जागा न्हाई. हैबतराव तर बाजूला, कंदिलाच्या पलीकडं. त्याच्या हातातला पाइप खाली पडला. तो कोंडिबाकडं बघत नव्हता. कोंडिबाच्या खांद्यावरून मागं बघत व्हता.

"न्हाई... मी न्हाई..." त्याचा आवाज बाईसारखा झाला. "ठोकता ठोकता जॅक निसटला... तू खाली वरडत व्हतास... मी म्हटलं, गाडी पुढं घेतली की सुटशील... गाडी हालली आन... तू गप झालास..."

कोंडिबाला समदं कळलं. भाऊ चाकाखाली जित्ता असताना ह्यानं गाडी त्याच्या अंगावरून काढली व्हती. अरं, कोंडिबा काय दगड व्हता? जनावरासारखा वरडला आन त्यानं पाइप उचलला. सांगायचा मला, मी त्याचं टाळकं फोडणारच व्हतो रं. पण...

पण हैबतराव पडला.

कुणी ढकलला न्हाई. पाय ओढलं गेलं. गाडीखालनं. त्यानं रस्ता धरला. नखं खडीवर खरडली. एक नख तितंच उपटून ऱ्हायलं. कमरेपर्यंत आत गेला.

"मिस्त्री! हात दे! हात दे रे!"

"माझा भाऊ कुटं हाय?"

"धरणात... दगड बांधून... हात दे!"

आन कोंडिबानं हात दिला. खरं सांगतो पोरांनो, दिला. एवढा राग, एवढं रक्त डोळ्यात, तरी मरणाऱ्याचा हात त्याला सोडवंना. दोन्ही हातांनी धरून त्यानं मागं जोर लावला. हैबतराव वीतभर बाहीर आला.

तवा कोंडिबाच्या मनगटावर कुणीतरी हात ठेवला.

गार हात.

त्यानं कोंडिबाचं एक बोट सोडवलं. हळू. मग दुसरं... मग तिसरं. दुखू न देता. लहान पोरगं झोपलेल्या थोरल्या भावाच्या मुठीतनं काही काढून घेतं ना, तसं.

शेवटचं बोट सुटलं.

जॅक आडवा झाला.

...

काय आवाज झाला ते त्यानं मला सांगितलं न्हाई. मीबी विचारलं न्हाई.

सकाळी पोलीस आले, पंचनामा झाला. जॅक निसटून माणूस दबला, असं ठरलं. कोंडिबाची पाठ बघून त्यांनी त्याला सोडलं. गळ टाकून धरणात शोधाशोध झाली, पण त्या पाण्याचा थांग कुणाला लागलाय? भैरू गावला न्हाई.

कोंडिबा पौडाला घरी आला तवा उन्हं वर आली व्हती. वाटभर एकच विचार : आईला कसं सांगू? कुठल्या तोंडानं सांगू? अंगणात पाय टाकला तर रत्नाबाई भांडी घासत बसलेली. तोंडावर हसू. किती दिसांनी!

"कोंडिबा, अरं जरा लवकर यायचं की! रात्री भैरू आला व्हता. लई भुकेला. तांदळाची भाकर आन सुकटीचं कालवण केलं, दोन घास जादाच खाल्लं. थांब म्हटलं तर म्हणला, दादाला भेटून आलोय, आता निघतो."

रत्नाबाईच्या हातात पितळी व्हती, जेवायची. तिच्या काठावर चार काळी बोटं उमटलेली. ग्रीसाची. म्हातारीनं राखेनं घासली. चिंचेनं घासली. विटेची पूड लावून घासली. पितळ चकाकलं, बोटं काही हालली न्हाईत.

कोंडिबानं हात पुढं केला, म्हणला, "दे आई, मी घासतो."

रत्नाबाईनं पितळी पदराखाली घेतली. हसू कवाच गेलं व्हतं तिचं.

"राहू दे," म्हणली. "तेवढाच त्याचा हात ऱ्हायलाय."