मुकं झालेलं थोरलं पिंप

"मेणबत्ती गुडघ्याजवळ धर. ज्योत विझली की मागे फिरायचं, वाद नाही," हेन्रिका म्हणाली.

"माहितेय, आजीबाई," तिचा मावसभाऊ योस्ट म्हणाला. आंबणाऱ्या रसाचा जड वायू तळाशी साचतो, हे मोझेल नदीकाठच्या पोरांना मुळाक्षरांआधी कळतं.

शरदाच्या सुट्टीत द्राक्षतोड ऐन भरात होती. डोंगरावरच्या काळ्या पाटीच्या दगडाने प्यालेलं ऊन घडाघडांत उतरलं होतं. खाली आजोबांच्या तळघरात ओकची पिंपं ओळीने निजली होती, निजल्या निजल्या गात होती. प्रत्येकाच्या बुचात काचेची नळी, नळीतल्या पाण्यात बुडबुडे. बुळुक, बुळुक. थोरलं पिंप मात्र कालपासून मुकं.

"मेलंय ते. बाजारचं यीस्ट घालतो," रुप्रेख्तकाकांनी सकाळी दारातूनच सांगून टाकलं होतं. नऊ पिढ्या या घरचा रस तळघराच्या हवेतल्या यीस्टवरच आंबत आला होता. आजोबा पाव तसाच ठेवून उठले. म्हणून तर मुलं इथं आली होती.

योस्टने पिंपाला कान लावला. "अगं, आत सळसळतंय! मग बुडबुडे जातात कुठे?"

"तुझ्या सायकलची हवा जाते तिकडे. पंक्चर कसं शोधतोस?"

योस्ट शिडीवर चढला. त्याने बुचाच्या कडेने पाणी ओतलं. कडेला बारीक मोत्यांची माळ उकळू लागली.

"बूच सैल आहे. आणि शेजारच्याचं बघ, अर्धं वरच राहिलंय."

हेन्रिकाला उलगडलं. ही पिंपं हाताने घडवलेली. दोन पिंपांची भोकं कधी सारखी नसतात. "काकांनी सगळी बुचं एकाच बादलीत धुतली!"

वर जिन्यावर त्यांची धाकटी बहीण मीके बसली होती.

"मीके, यीस्टचं पाकीट पाहिलंस?" काकांनी विचारलं.

"हो. माझ्याखाली आहे."

"ऊठ बघू."

"पाय झोपलेत."

"दोन्ही?"

"एकाला एकट्याला भीती वाटते."

काका हसू दाबत तिला उचलणार, तोच खालून हाक आली. आजोबा काठी टेकत उतरले, काका मागोमाग. दोन्ही बुचं आपापल्या घरी बसली होती. सगळे नळीकडे बघत राहिले. पाणी हललं. थांबलं. मग बुळुक.

आजोबांनी पिंपाच्या पोटावर तळवा ठेवला. लेकराचा ताप उतरला की ठेवतात तसा. "ही पाहणी माझं काम होतं," ते म्हणाले. "मी नुसता रुसून बसलो. पोरांनो, माझ्या आजोबांनी तुम्हाला कामावर ठेवलं असतं, आणि ते मलासुद्धा ठेवायला तयार नव्हते."

"आणि मला?" काकांनी विचारलं.

"तुला बुचं धुवायला," आजोबा म्हणाले. "एकेक करून. मीके बघत बसेल."