हॉलिनच्या फाटकावरची हाक

पेंटेकॉस्टच्या सणानंतर आमच्या चर्चमधल्या बायकांची दिवसभराची सहल असते. पळायची सहल. डांबरी रस्ता नको, चढउतार हवेत, वरून तळं दिसावं आणि चहाच्या वेळेला घरी परतता यावं, एवढ्याच आमच्या अटी. यंदा वाट शोधायचं काम मेव्हिसकडे आणि माझ्याकडे होतं. मेव्हिस माझी शाळेपासूनची मैत्रीण. म्हणून मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही दोघी हॉलिन डोंगराकडे निघालो. सोबत माझी रोवेना.

रोवेना नवसाची. संत ॲनला बारा वर्षं मेणबत्त्या लावल्या, शुक्रवार पाळले, तेव्हा कुठे झाली. आता चांगली बावीस वर्षांची आहे, तरी ती दृष्टीआड झाली की माझा हात आपोआप गळ्यातल्या क्रुसाकडे जातो.

त्या दिवशी तिचा घसा पार बसला होता. तोंडातून नुसती हवा यायची.

"चला, देवाने आज कानांना सुट्टी दिली," मेव्हिस म्हणाली.

"मावशी, तू ना..." रोवेना कुजबुजली आणि खोकलाच आला तिला.

आमच्याकडे डोंगरभर मेंढ्या आणि दगडी गडगे. गडग्यात फाटक असतं. पळणाऱ्यांचा नियम एकच: शेवटच्याने फाटकाला साखळी लावायची आणि ओरडायचं, "बंद!" हाक आली की पुढच्यांनी मागे वळून बघायचं नाही. सगळे आले, असं समजायचं.

"हिला कसलं ओरडता येतंय!" मेव्हिस म्हणाली. "तू साखळी दोनदा आपट गं. तीच तुझी हाक."

पहिल्या फाटकावर खण्... खण् झालं. दुसऱ्यावरही. चढावर ऊन होतं, चंडोल गात होते, खाली तळं चांदीच्या ताटासारखं. मेव्हिस खूश होती. "हीच वाट बायकांना दाखवू," म्हणाली. दोन वर्षांपूर्वी तिची मुलगी इसला याच डोंगरावर हरवली, ती सापडलीच नाही. तरी मेव्हिस दर वर्षी काही ना काही निमित्त काढून इथेच येते. मी कधी अडवलं नाही.

माथा ओलांडून उतरू लागलो आणि धुकं आलं. येतं तसंच, एकाएकी, ओल्या लोकरीचा वास घेऊन. रोवेना बुटाची नाडी बांधायला खाली बसली आणि हातानेच 'व्हा पुढे' म्हणाली. आम्ही तिसऱ्या फाटकातून उतरलो, फाटक तिच्यासाठी उघडं ठेवलं. थोडं पुढे गेलो तोच मागून हाक आली, स्वच्छ आणि खणखणीत:

"बंद!"

आम्ही वळून पाहिलं नाही. ओढ्यापर्यंत उतरलो. तिथल्या दगडावर बसून मी आल्याचा केक कापला. लेकीच्या घशासाठी मध घातलेला चहा आणला होता. कपात ओतायला लागले...

आणि मला तिचा बसलेला घसा आठवला.

"मेव्हिस... ओरडलं कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलं. केकचा तुकडा तिच्या हातातून पाण्यात पडला.

"इसलाही अशीच ओरडली होती," ती हळू म्हणाली. "याच फाटकावर. सगळ्यांनी ऐकलं. म्हणून तर शोधणाऱ्यांना सांगितलं, ती फाटकाच्या खाली उतरलीय... खालचंच रान पिंजून काढलं गं त्यांनी. खालचंच..."

म्हणजे रोवेना फाटकातून उतरलीच नव्हती. आम्ही माघारी वर चढू लागलो. तोच ओढ्यापलीकडून, खालून, अगदी लाडात हाक आली:

"बंद!"

मेव्हिसचे पाय थांबले. "इसलाच आहे गं ती. माझी इसला."

"मला तो रोवेनाचा आवाज वाटतोय," मी तिची बाही घट्ट धरली. "दोघींच्या लेकी एकाच तोंडाने कशा ओरडतील? चल मेव्हिस. तुझ्या पाया पडते, चल..."

हाक पुन्हा आली. आणखी खालून. आम्ही वर चढत राहिलो. माझ्या ओठांवर 'नमो मारिया'ची प्रार्थना होती, पण शब्द मागेपुढे होत होते.

फाटक सताड उघडं होतं. साखळी लोंबत होती, जराही हलत नव्हती.

वरून, धुक्यातून, बारीक आवाज येत होता. टक्... टक्. मग शांत. मग पुन्हा टक्... टक्.

काळ्या दलदलीच्या भेगेत रोवेना छातीपर्यंत रुतली होती आणि दगडावर दगड आपटत होती. ओठ निळे. मेव्हिसने अंगातलं जाकीट काढून टाकलं, एक बाही तिने धरली, एक रोवेनाने, आणि मी पालथी पडून लेकीच्या काखेत हात घातले. चिखलाने तिला सोडलं तेव्हा त्याने सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला.

"थांबला का नाहीत तुम्ही?" ती कुजबुजली.

"तुझी हाक आली, बाळा."

"मी कुठे... आई, मी कुठे ओरडले?"

फाटकाशी आल्यावर मेव्हिस म्हणाली, "व्हा पुढे. मी लावते." ती ओरडली नाही. साखळी दोनदा आपटली.

आणि गडग्याच्या वरच्या बाजूने उत्तर आलं. दगडावर दगड. टक्... टक्.

रोवेना माझ्या मिठीत होती.

मेव्हिसने साखळी सोडली नाही. "वरच होती गं माझी पोर," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शोधणाऱ्यांनी फाटकाच्या वरची दलदल उपसली. पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी इसला घरी आली. मेव्हिसला फुलं ठेवायला आता जागा आहे. यासाठी मी रोज देवाचे आभार मानते, मनापासून मानते.

फक्त एक गोष्ट मेव्हिसला अजून सांगितलेली नाही. त्या दिवशी तिला तिच्या दारी सोडून मी रोवेनाला धरून घरी आले. बागेच्या फाटकाची कडी आम्ही न ओरडता लावली. स्वयंपाकघरात माझे यजमान ऑल्विन किटली ठेवत होते. आमची चाहूल लागल्यावर पाठमोरेच हसले.

"तू मागे कुठे राहिलीस गं? लेक तर केव्हाच आली. फाटकातून 'बंद!' म्हणून ओरडली आणि सरळ वर गेली. घसा बरा झाला वाटतं तिचा?"

ते वळले. माझ्या खांद्याला टेकलेली, चिखलाने माखलेली रोवेना त्यांना दिसली. हातातली किटली तशीच राहिली.

आम्ही तिघंही छताकडे बघत असताना वरच्या मजल्यावर तिच्या खोलीचं दार हलकेच लागलं.

या वेळी मात्र कुणी ओरडलं नाही.