फेसाची तटबंदी

“डाव्या अंगाचं ताक पातळ झालंय, मॅडम,” इस्माईल होडेकरांनी जेवणघराच्या दारातूनच सांगितलं. वासंती भाटकरनं हातातला घावनाचा तुकडा तसाच ताटलीत ठेवला.

‘रत्नवेल’ या मालवाहू जहाजावर ताक म्हणजे समुद्र. दीड वर्षापूर्वी जहाजाच्या बुडाला बाराशे बारीक भोकांची एक चाळण बसवली होती. इंजिनाला जी दाबलेली हवा लागते, तिच्यातली थोडी वळवून या चाळणीतून सोडली, की बुडाखाली मोहरीएवढ्या बुडबुड्यांचा गालिचा पसरे. मग जहाज पाण्याला घासत जाण्याऐवजी हवेवरून सरकत जाई आणि तेल कमी जळे. बुडाखालून निसटलेले बुडबुडे दोन्ही कडांनी वर येत, आणि निळ्या समुद्रात जहाजालगत घुसळलेल्या ताकासारखा पांढरा पट्टा उमटे. कागदोपत्री त्याला ‘वायुस्तर यंत्रणा’ म्हणत. जहाजावरच्या बारा माणसांपैकी कुणी ते नाव घेत नसे.

वासंती जहाजाची चीफ इंजिनियर. वय अठ्ठेचाळीस, गाव रत्नागिरीजवळचं भाट्ये. खाडीवर माणसं पार नेणारी तर चालवणाऱ्या माणसाची ही मुलगी वयाच्या विसाव्या वर्षी इंजिनांच्या खोलीत शिरली आणि तिथंच रमली. इस्माईलभाई जहाजाचे सारंग, म्हणजे वरच्या खलाशांचे मुकादम. जयगडचे. पस्तीस वर्षं समुद्रावर काढलेले.

दोघांनी मिळून डाव्या अंगाची तुंबलेली झडप मोकळी केली. पांढरा पट्टा पुन्हा दाट झाला.

“आज मागच्या सोडून सगळ्या झडपा एकदा उघडून-मिटून बघू या,” वासंती म्हणाली. “दुपारपर्यंत आपण सोकोत्रा बेटाच्या पट्ट्यात शिरू.”

इस्माईलभाईंनी मान हलवली. त्या पट्ट्याचं नाव निघालं की जहाजावरचं बोलणं आपोआप कमी होई. वर्षभरात तिथं चार जहाजं पळवली गेली होती. पूर्वी चाचे आले की सगळ्यांनी पोलादी दाराच्या सुरक्षित खोलीत शिरायचं आणि नौदलाची वाट बघायची, असा रिवाज होता. पण आता चाच्यांकडे पोलाद कापणारी यंत्रं आली होती. शेवटच्या जहाजाचं दार त्यांनी चाळीस मिनिटांत कापलं. वासंतीच्या बॅचचा निरंजन कारखानीस असाच चौदा महिने ओलीस राहून सुटला. आता तो चिपळूणला मोटारी दुरुस्त करतो. समुद्र दिसेल अशा रस्त्यानंही जात नाही.

त्या पांढऱ्या पट्ट्याचा दुसरा उपयोग वासंतीला सुचला तो जयगडच्या बंदराबाहेर, पाच महिन्यांपूर्वी. ताजी भाजी घेऊन एक होडी जहाजाला लागायला आली. तेव्हा यंत्रणेची चाचणी चालू होती. होडी पांढऱ्या पाण्यात शिरली मात्र, तिचं इंजिन किंचाळायला लागलं आणि होडी जागच्या जागी खिळली. होडीवाला पंखा तपासू लागला. पंख्यात काहीच बिघाड नव्हता. पाण्यात हवा मिसळली की पंख्याला रेटायला पाणीच उरत नाही, तो नुसता फेसात गरगरतो. शिवाय असं पाणी हलकं असतं. त्यात होडी नेहमीपेक्षा खोल बसते.

त्या दिवशी वासंतीनं जेवण सोडून आकडेमोड केली. नेहमी सगळ्या बुडातून निघणारी हवा मधल्या झडपा बंद करून फक्त कडांनी सोडली, तर जहाजाच्या दोन्ही अंगांना आठ मीटर रुंदीची तटबंदी उभी राहील. कोणतीही वेगवान होडी तिच्यातून पार होणार नाही. जहाजाचं बूड मात्र नऊ मीटर खाली, घट्ट पाण्यात. त्याला धोका नाही. तिनं कंपनीला सविस्तर टिपण पाठवलं. उत्तर दोन ओळींचं आलं: इंधनबचतीच्या यंत्रणेचा अन्य वापर करू नये.

कॅप्टन इंद्रजित सुर्वे यांनी ते उत्तर वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “चीफ, झडपांची देखभाल हा तुमचा विभाग आहे. त्यांना वेगवेगळे दांडे बसवले, तर देखभाल सोपी होईल ना?”

“फारच सोपी होईल, सर.”

दांडे बसले. पण खऱ्या होडीवर, खऱ्या वेगात ही तटबंदी कुणी पाहिली नव्हती.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी जहाजाचे उपग्रहाशी असलेले सगळे दुवे एकदम तुटले. कुणीतरी जवळून रेडिओ-लहरी तुंबवत होतं. दुर्बिणीतून दोन होड्या दिसल्या. प्रत्येकीत पाच-सहा माणसं, बंदुका, आकड्यांच्या शिड्या. त्यांच्या मागं दूरवर त्यांचं मोठं गलबत उभं होतं.

“सगळे सुरक्षित खोलीत,” कॅप्टननी हुकूम दिला. मग त्यांनी इंजिनांच्या खोलीत फोन लावला. “चीफ, तुम्हीपण वर या.”

“सर, मी इथंच थांबते. दांडे इथं आहेत.”

“जमेल याची खात्री आहे?”

“नाही. पण त्या दाराचीही नाही.”

“मग मीही सुकाणूपाशीच थांबतो,” सुर्वे म्हणाले.

वासंतीनं मागं वळून पाहिलं. इस्माईलभाई दारात उभे होते, बाह्या वर सारून.

“तुम्हाला हुकूम मिळालाय ना, इस्माईलभाई?”

“मिळाला की. पण आठ दांडे आहेत न् तुमचे हात दोन.”

पहिली होडी उजव्या अंगानं आली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर शिडी हातात धरलेला माणूस स्पष्ट दिसत होता. साठ मीटर. चाळीस. वासंतीला वाटलं, घाई केली तर तो बिचकून मागं फिरेल आणि पुन्हा येईल. त्याला पुरता आत येऊ द्यायला हवा.

“मधल्या बंद,” ती म्हणाली. इस्माईलभाईंनी दांडे ओढले. “आता उजवी कड. सगळी!”

हवेचा लोट सुटला. इंजिनाच्या वाटणीची हवा कमी झाली आणि ते दम लागल्यासारखं धापा टाकू लागलं. तापमानाचा काटा चढू लागला. पडद्यावर जहाजालगतचा समुद्र अचानक पांढराफटक झाला, उकळल्यासारखा. होडी त्यात घुसली, आणि तिचं नाक खाली गेलं. तिच्या इंजिनाचा आवाज पोलादाच्या भिंतीतूनही ऐकू आला. पंख्यावरचा भार एकदम गेल्यामुळं ते बेफाम फिरत होतं. दहा सेकंद, पंधरा सेकंद. मग एक कर्कश घरघर, काळा धूर, आणि आवाज थांबला. होडी मागं पडत गेली, नुसत्या लाटांच्या मर्जीवर डोलत.

“गेलं तिचं इंजिन!” इस्माईलभाई ओरडले. “जळून गेलं!”

पण फोन खणखणला. “चीफ, दुसरी हुशार आहे. ती बरोब्बर मागून येतेय.”

मागची बाजू हीच तटबंदीतली उघडी वेस होती. तिथं हवा सोडली, तर ती जहाजाच्या स्वतःच्या पंख्यात शिरणार, आणि मग ‘रत्नवेल’ही त्या होडीसारखीच लुळी पडणार. म्हणून मागच्या झडपा कायम बंद असत. होडीवाल्यानं पहिलीची गत पाहिली होती. पांढरं पाणी कुठं नाही, हे त्यानं बरोबर हेरलं होतं.

“किती लांब?”

“तीनशे मीटर. दोन मिनिटांत शिडी लागेल.”

ती इंजिनाकडे बघत राहिली. मग तिला ते सुचलं, आणि ते इतकं साधं होतं की आजवर का सुचलं नाही याचंच तिला आश्चर्य वाटलं. बावीस हजार टनांचं जहाज पंखा थांबला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. मैलोन् मैल नुसतं आपल्या वेगावर जातं.

“सर, पंख्याची पाती सपाट करा. पूर्ण सपाट.”

“म्हणजे जोर सोडून द्यायचा? आत्ता?”

“पंखा फिरत राहील, पण पाणी रेटणार नाही. मग फेस त्यात शिरला तरी आपलं काही बिघडत नाही. इंजिनाला काम उरणार नाही, त्याची सगळी हवा मला मिळेल. जहाज आपल्या वेगानं जात राहील. सर, मला चार मिनिटं द्या.”

सुर्वे तीस वर्षं चाच्यांपासून वेग वाढवून पळायला शिकले होते. जोर सोडायचा म्हणजे उंच कड्यावरून हात सोडण्यासारखं होतं. वासंतीनं मागच्या दांड्यांकडे धाव घेतली.

“पाती सपाट,” त्यांचा आवाज आला.

“मागच्या सगळ्या, इस्माईलभाई!”

ते दांडे एकदाही शेवटपर्यंत ओढले नव्हते. दोघांनी मिळून, भिंतीला पाय लावून ते ओढले. जहाजाच्या शेपटाकडून दुधाचा बांध फुटावा तसा फेस उसळला आणि शंभर मीटरपर्यंत मागं पसरला. दुसरी होडी पूर्ण वेगात होती. तिला वळायला अवधीच मिळाला नाही. ती पांढऱ्यात शिरली, पंखा किंचाळला, आणि ओझ्यानं भरलेली ती होडी त्या हलक्या पाण्यात खाली, आणखी खाली गेली. कड पाण्याला टेकली. एक लाट आत आली, मग दुसरी. ती उलटली.

वरून खलाशांचा जल्लोष ऐकू आला. सुरक्षित खोलीतले छोट्या पडद्यावर सगळं बघत होते. इस्माईलभाईंनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. वासंती मात्र पडद्यापाशी गेली.

पाण्यात पाच डोकी होती. माणसं हात मारत होती, आणि हात मारूनही बुडत होती. एकानं प्राणरक्षक जाकीट घातलं होतं, तरी तो हनुवटीपर्यंत खाली गेला होता. जे पाणी होडीला तोलत नव्हतं, ते माणसाला कसं तोलणार?

“बंद करा,” ती म्हणाली.

“मॅडम, आणखी एक मिनिट. त्यांच्याकडे बंदुका आहेत.”

“इस्माईलभाई, ती माणसं बुडतायत.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. थेट दांड्याला हात घातला. फेस विरला. आधी पांढरा, मग फिकट हिरवा, मग निळा. पाणी पुन्हा पाणी झालं, आणि पाचही डोकी वर आली. वासंतीनं ती मोजली, आणि मग पुन्हा मोजली.

कॅप्टननी जहाज मोठा वळसा घेऊन परत आणलं. खलाशी बाहेर आले होते. आधी पाण्यातल्यांचे रिकामे हात बघितले, मग जाळ्याची शिडी सोडली. जळलेल्या इंजिनाच्या होडीतल्यांनी आपल्या बंदुका आपणहून समुद्रात टाकल्या आणि हात वर केले. अकरा माणसं वर आली, एकही कमी नाही. दूरच्या गलबतानं हे सगळं पाहिलं आणि तोंड फिरवलं. तुंबलेल्या लहरी मोकळ्या झाल्या. नौदलाचा पहिला निरोप आला: तुमची परिस्थिती कळवा. सुर्वेंनी उत्तर पाठवलं, तेही दोनच ओळींचं: जहाज सुरक्षित, बाराही जण सुखरूप. अकरा चाचे ताब्यात, जखमी कोणी नाही.

मग ते स्वतः खाली आले. इंजिनांच्या खोलीत कॅप्टन सहसा पाऊल टाकत नाही. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, “चीफ, आज पहिल्यांदाच मी पळालो नाही.” वासंतीला बोलायचं होतं, पण तिला हसूच आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. भंडाऱ्यानं, म्हणजे स्वयंपाक्यानं, तोवर काजू घालून परातभर शिरा केला होता. खलाशांनी इस्माईलभाईंना खांद्यावर उचललं. ते “अरे, कंबर!” म्हणून ओरडत राहिले. वासंतीनं निरंजनला निरोप लिहिला: त्यांना आत येऊ दिलं नाही. चिपळूणहून लगेच फोन आला. तिनं सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, “वासंती, पुन्हा एकदा सांग. पहिल्यापासून सांग.”

नौदलाचं जहाज पोचायला अजून दोन तास होते. पकडलेली माणसं मागच्या डेकवर, ताडपत्रीच्या सावलीत घोंगड्या पांघरून बसली होती. वासंती त्यांना चहा घेऊन जाणाऱ्या खलाशांबरोबर गेली. फेसात हनुवटीपर्यंत बुडालेला माणूस तिला ओळखू आला. पिकलेली दाढी, हातांवर दोरांचे जुने वळ. नाव वारसमे. तरुणपणी पोरबंदरच्या गलबतांवर काम केल्यामुळं त्याला मोडकं हिंदी येत होतं.

“ते पांढरं पाणी कुणी बंद केलं?” त्यानं विचारलं.

“मी.”

त्यानं छातीवर हात ठेवला. मग जहाजाच्या कडेखालच्या पाण्याकडे बोट केलं. “त्यात काय घालता? औषध?”

“काही नाही. नुसती हवा.”

“नुसती हवा,” तो म्हणाला. त्याच्या बाजूच्यांना त्यानं त्यांच्या भाषेत ते सांगितलं, आणि सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. मग तो सावकाश, शब्द शोधत बोलू लागला. त्याच्या गावाला एक उपसागर आहे. तोंड अरुंद. परदेशी मोठे ट्रॉलर तिथं शिरतात, तळ खरवडून मासळी नेतात, गावाची जाळी फाडतात. तक्रार ऐकायला कुणी नाही. “त्या तोंडाशी तळावर एक नळ टाकला, भोकं पाडलेला,” तो म्हणाला, “तर कुणी आत येईल?”

वासंतीनं नकळत मनात हिशेब मांडला. रुंदी, खोली, दाब. आकडे पटापट जुळत गेले. कुणी आत येणार नाही, हे तिला कळलं. आणि त्याच आकड्यांनी तिला हेही सांगितलं, की तळातूनच फेस उसळला तर नऊ मीटर खोल बुडाच्या जहाजालाही घट्ट पाणी मिळणार नाही. असा नळ एखाद्या चिंचोळ्या सागरी वाटेत टाकला, तर ‘रत्नवेल’ही तिथून जाऊ शकणार नाही.

“बाई,” वारसमे शांतपणे विचारत होता, “हवा तर सगळ्यांचीच आहे. मग हे आम्हालाही शिकवाल का?”