निळ्या स्फटिकांची पूड

"चोर म्हणा मला, पण खोटारडी म्हणू नका!" टोर्डिसने टेबलावर मूठ आपटली, तसा पाल्ले दचकला. हातातली गरम किटली त्याने बेकरीच्या पावतीवर टेकवली आणि पावती काळी पडली.

"गेली पावती!" पाल्ले करवादला. त्याची मैत्रीण, गुप्तहेर गुड्रुन थेस्ट्रुप, पावतीकडे बघतच राहिली.

कोपनहेगनच्या या प्रयोगशाळेत टोर्डिसने चार वर्षं राबून तांब्याचे निळे स्फटिक बनवले होते. त्यांत तांब्याच्या अणूला भोवतालचे रेणू खेकड्याच्या नांग्यांसारखे पकडून ठेवतात आणि त्या जाळीत अडकलेलं पाणी शंभर अंशांवरही सुटत नाही, असा तिचा दावा होता. पदवीची परीक्षा उद्यावर आलेली, आणि आज बाटलीत निघाली नुसती फिकट पूड, म्हणजे पाणी उडालेलं.

प्राध्यापक एस्बेन होल्क थंडपणे म्हणाले, "ही पोरगीच रात्री बाटली ओव्हनमध्ये विसरली. शंभर अंशांवर. सकाळी मी स्वतः बाहेर काढली आणि कुलपात ठेवली. असलं पाणी नव्वदलाच उडतं, हे मी माझ्या पुस्तकात कधीच लिहून ठेवलंय."

"मी ठेवलीच नव्हती!"

गुड्रुनने बाटली उचलून पाहिली. छापील लेबल पांढरंशुभ्र होतं.

पलीकडे टोर्डिसचा सहकारी आस्गेर काळ्या पडलेल्या बाटल्या चिडून घासत होता. त्यांच्या काचेवरच नावं कोरलेली होती.

"लेबल नाही लावत?" गुड्रुनने विचारलं.

"ओव्हनच्या बाटल्यांवर आम्ही नाव कोरूनच घेतो. पण उपयोग काय? काल रात्री मी ओव्हन शंभरवर ठेवून गेलो, कुणा गाढवाने दोनशे केले. माझ्या नमुन्यांचा कोळसा झाला!"

गुड्रुन गर्रकन वळली. "पाल्ले, ती पावती दाखव यांना. लेबलाचा कागदही असाच, उष्णतेने छापायचा, एस्बेन. गरम झाला की काळा पडतो."

"म्हणजे बाटली ओव्हनमध्ये गेलीच नाही?" पाल्लेने डोकं खाजवलं.

"स्फटिक गेले, बशीतून. पूड झाल्यावर बाटलीत परत भरले. रोज काम करणाऱ्याने 'लेबलाची बाटली ओव्हनमधून काढली' अशी थाप मारलीच नसती. यांनी ओव्हनचं दार उघडून जमाना झाला असेल! एका पोरीचं आयुष्य मातीत घालायला मात्र बरोबर उघडलं."

होल्क उठून दाराकडे निघाले. गुड्रुन आडवी आली.

"थांबा. शंभरवरचा ओव्हन दोनशेवर का न्यावा लागला?"

होल्कनी बाजूने निसटायला पाहिलं.

"बोला ना!"

"शंभरवर..." त्यांची मान खाली गेली. "पहाटेपर्यंत निळेच राहिले होते."

 डोळे पुसून टोर्डिस त्यांच्यासमोर उभी राहिली.

"उद्या परीक्षकांपुढे हेच सांगायचं, एस्बेन. माझ्या शेजारी उभं राहून."